प्रातःकालीन शिरःशूल आणि कोष्ठविचार

सकाळी डोके जड होऊन, कपाळ ठणकतच उठणारा रुग्ण अमरावती-अकोल्याकडील कोणत्याही चिकित्सकाला नवीन नाही. येताना तो बहुधा वेदनाशामक गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप घेऊन येतो. आपल्यापैकी पुष्कळ जण 'पित्त झाले' असे निदान करून शीतवीर्य औषधी देतात आणि पुढील रुग्णाकडे वळतात. पित्त हे उत्तर अनेकदा बरोबरही असते. परंतु ते पित्त साम की निराम, हे पाहिल्याशिवाय दिलेली शीत चिकित्सा अग्नी आणखी मंद करते, आणि तोच रुग्ण पंधरा दिवसांनी पुन्हा दारात उभा राहतो.

या विषयात शास्त्र निःसंदिग्ध आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, १७ व्या अध्यायात, शिरोरोगाच्या हेतूंमध्ये वेगधारण, रात्रिजागरण, दिवास्वाप यांच्या जोडीने दुष्ट आमाचा स्वतंत्र उल्लेख आहे. ७ व्या अध्यायात मलवेग अडविल्याने होणाऱ्या लक्षणांत पक्वाशयशूलाला लागूनच शिरःशूल सांगितला आहे. सिद्धिस्थानाच्या ९ व्या अध्यायातील सूर्यावर्ताची संप्राप्ती तर मुळातून पुन्हा वाचावी अशी आहे. वेगधारण व अजीर्ण यांमुळे रक्त आणि वायू दुष्ट होऊन मस्तिष्काला दूषित करतात. सूर्याच्या तापाने ते दूषित मस्तिष्क हळूहळू विष्यंदित होते. म्हणून दिवस चढेल तशी वेदना वाढते आणि दिवस कलला की शमते. वेदना डोक्यात, वेळ सूर्याची. हेतू मात्र कोष्ठातला.

येथे एक भेद करावयास हवा. झोपेतून उठतानाच असलेले डोके दुखणे आणि उन्हाबरोबर चढणारे डोके दुखणे एक नव्हे. पहिल्यात जिभेवर लेप, अंगाला जडपणा, अन्नावर अनिच्छा, मलप्रवृत्ती अपुरी, अशी सामतेची लक्षणे पुष्कळदा आढळतात. ढेकर शुद्ध असूनही अन्न नकोसे वाटत असेल तर रसशेषाजीर्णाचा विचार करावा. अशा वेळी वाग्भटांनी काही न खाता दिवसा थोडे झोपावयास सांगितले आहे. दिवास्वापाचा हा मोजका अपवाद आपण विसरतो.

अर्धशिशीच्या वेगात जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावते आणि पोटात घेतलेली गोळी उशिरा शोषली जाते, हे आधुनिक वैद्यकाने गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात नोंदविले. हे निरीक्षण आपल्याला परके वाटू नये.

आता वऱ्हाडाकडे पाहू. लग्नसराईतील रात्री अकराची पंगत, वरण-रोडगे आणि तेलाचा तवंग असलेली वांग्याची भाजी, त्यावर जागरण, आणि पहाटे उपाशीपोटी चहा. एवढा क्रम अजीर्णाला पुरेसा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत स्त्रिया अंधार असतानाच चहा-टोस्टवर शेत गाठतात आणि मलमूत्राचे वेग दिवसभर अडवून धरतात. त्यांच्या शिरःशूलाला 'पित्त' म्हणणे म्हणजे हेतू न विचारणेच होय.

दुसरी गोष्ट खारपाणपट्ट्याची. पूर्णेच्या खोऱ्यातील दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा या भागांत विहिरी व कूपनलिकांचे पाणी खारे आहे. चरकांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण या तिन्हींचा अतियोग वर्ज्य सांगितला. शास्त्रातील क्षार आणि विहिरीचे खारे पाणी एकच, असे माझे म्हणणे नाही. तरीही रोजच्या पाण्यातून लवणरस मिळणाऱ्या रुग्णाला अजीर्णासाठी पुन्हा लवणप्रधान चूर्णे देताना हात आखडता असावा. पिप्पलीचेही तसेच. अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा येथे पानमळ्यांच्या परंपरेतून पिकणारी पानपिंपरी हे आपल्या भागाचे वैभव. दीपन-पाचनासाठी ती अल्प काळ, अल्प मात्रेत उत्तम. परंतु घरची आहे म्हणून महिनोन्महिने देण्याची वस्तू ती नव्हे.

चिकित्सेत प्रथम रात्रीचे जेवण सुधारावे. आठच्या आत मुगाची पातळ खिचडी अथवा ज्वारीची भाकरी आणि साधे वरण, तेही भूक असेल तर. अजीर्णाची शंका असल्यास सुश्रुतांनी सकाळी सुंठीसह हरीतकी देण्यास सांगितले आहे. गर्भिणीला मात्र हरीतकी टाळावी. आमाला लंघन, विष्टब्धाला स्वेदन, विदग्धाला वमन, हा क्रम बलाबल पाहून ठेवावा. पाचन झाल्यावर शार्ङ्गधरोक्त पथ्यादि क्वाथ. याची घटकद्रव्ये नीट पाहा: हरीतकी, बिभीतक, आमलकी, भूनिंब, हरिद्रा, निंब, गुडूची. डोक्याच्या इतक्या प्रसिद्ध योगात भर सारा कोष्ठ, पित्त आणि रक्तावर आहे! त्यातील गुळाचा प्रक्षेप मधुमेहींना देऊ नये.

नस्याची घाई करू नये. अजीर्णात शिरोविरेचन वर्ज्य आहे. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खाण्याचा घरगुती उपाय निराम, वातप्रधान सूर्यावर्तात स्निग्ध-मधुर म्हणून समजण्यासारखा आहे. साम अवस्थेत मात्र तो आमालाच पोसतो. (हलवाई पहाटे दुकान उघडतो, वैद्य उघडत नाही, हेही त्या उपायाच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे.)

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती अशी, की गोळी देण्यापूर्वी 'महिन्यातून किती दिवस घेता?' एवढे अवश्य विचारावे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच शिरःशूल जडतो. यातील दाह कमी करणाऱ्या गोळ्या जठराला, वृक्काला अपाय करतात आणि रक्तदाब वाढवितात. खारपाणपट्ट्यात वृक्कविकाराची चिंता आधीच मोठी आहे. रक्तदाब किंचित वाढल्याने सहसा डोके दुखत नाही, हे खरे. पण १८०/१२० च्या घरातील रक्तदाब केवळ न मोजल्यामुळे 'पित्त' ठरू नये.

घोरणाऱ्या, स्थूल रुग्णाचे सकाळचे डोके झोपेतील श्वासावरोधाने दुखू शकते. पहाटे शूलाने जाग येऊन उलटी होणे, खोकताना वेदना वाढणे, दृष्टी अंधुक होणे, एका बाजूचे बळ कमी होणे, ज्वरासह मान ताठणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला शूल, गर्भिणीतील तीव्र शूल, यांपैकी काहीही आढळल्यास पाचन-लंघनात वेळ न दवडता रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. आणि सूतशेखर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चिठ्ठीशिवाय तो देऊ नये. त्यात वत्सनाभ व धत्तूर आहेत, आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना डबीवर त्यासाठीच छापलेली असते.