अंतःस्रावतज्ज्ञाचे शिक्षण आणि आपली चिठ्ठी

मधुमेह, गलगंड, स्थौल्य, आर्तवदोष यांसाठी आपल्याकडे येणारे बरेचसे रुग्ण आधी किंवा नंतर अंतःस्रावतज्ज्ञाकडेही जातात. त्यांनी आणलेले अहवाल आपण वाचतो. परंतु हा तज्ज्ञ कोणत्या शिक्षणातून घडतो, याची आपल्या व्यवसायबंधूंत फारशी चर्चा होत नाही. ती व्हावी असे आम्हांस वाटते. कारण त्याच्याकडे रुग्ण पाठविताना चिठ्ठीत काय लिहावे, हे त्या शिक्षणाच्या स्वरूपावरूनच उमगते.

आपल्या देशात हा अभ्यासक्रम डी. एम. एंडोक्रायनॉलॉजी या नावाने ओळखला जातो. एम. बी. बी. एस.ची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, मग मेडिसिन अथवा बालरोग या विषयातील एम. डी.ची तीन वर्षे आणि त्यापुढे डी. एम.ची तीन, असा हा साडेअकरा वर्षांचा मार्ग आहे. २०१७ पासून बहुतेक संस्थांतील प्रवेशासाठी नीट-एस. एस. ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. दिल्लीचे एम्स, चंडीगडचे पी. जी. आय., लखनौचे संजय गांधी संस्थान, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि मुंबईचे के. ई. एम. ही त्याची परिचित केंद्रे होत. अमेरिकेत यालाच फेलोशिप म्हणतात. तेथे मेडिसिनच्या तीन वर्षांनंतर ती दोन वर्षांची असते व त्यांतील किमान एक वर्ष रुग्णसेवेत जाते. संशोधनाची ओढ असणारे बहुधा आणखी काही काळ प्रयोगशाळेत थांबतात.

या वर्षांत विद्यार्थी मुख्यतः एक गोष्ट शिकतो: संप्रेरकाचा सुटा आकडा म्हणजे निदान नव्हे. कॉर्टिसॉल सकाळी चढते व मध्यरात्री तळाला जाते. म्हणून रक्त केव्हा घेतले हे कळल्यावाचून आकड्याला अर्थ नाही. (दिनचर्येचे पाठ घेतलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.) ग्रंथीचा स्राव कमी वाटला तर तिला चेतवून पाहावयाचे, अधिक वाटला तर दाबून पाहावयाचे, ही या शास्त्राची रीत आहे. उदाहरणार्थ, रात्री ११ वाजता डेक्सामेथासोन १ मि. ग्रॅ. देऊन सकाळी ८ वाजता कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी मनुष्यात ते दर डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी होते. तसे झाले नाही, तर पुढचा शोध सुरू होतो.

संशोधनाचा भागही याच शिस्तीचा. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले गलगंडाचे कार्य या दृष्टीने वाचनीय आहे. खोऱ्याचे तीन भाग करण्यात आले. दोहोंत आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्यात साधे. १९६२ च्या पाहणीत पहिल्या दोन भागांत गलगंडाचे प्रमाण स्पष्ट घटलेले आढळले, तिसऱ्यात तसे घडले नाही. मग तिसऱ्या भागासही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. तुलनेसाठी तो तिसरा भाग ठेवला नसता, तर गलगंड मिठाने घटला की अन्य कारणाने, हा वाद मिटला नसता. आपल्या ‘अमुक कल्पाने इतके रुग्ण बरे झाले’ अशा टिपणांत नेमका हाच तिसरा भाग नसतो, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

आता चिठ्ठीविषयी. वाटोळा चेहरा, पोटावर जांभळे वण, वाढता रक्तदाब अशी कॉर्टिसॉलच्या आधिक्याची सर्व लक्षणे आहेत, आणि रक्तातील कॉर्टिसॉल मात्र अगदी कमी! असा रुग्ण समोर आला की शिकाऊ डॉक्टरचा पहिला प्रश्न असतो, “कोणत्या पुड्या घेत होता?” सांधेदुखीवर वा दम्यावर विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेले असते, हे त्याला शिकविलेले असते आणि ते निराधार नाही. दोष भेसळ करणाऱ्याचा असतो. संशय मात्र सचोटीने औषध देणाऱ्या वैद्यावरही येतो. यावर उपाय एकच: कल्पाचे नाव, घटकद्रव्ये, निर्माता, मात्रा आणि कालावधी स्वच्छ अक्षरांत लिहून देणे. ‘आयुर्वेदिक औषध चालू’ एवढ्याने भागत नाही.

अशा पुड्या घेणारा रुग्ण आपल्याकडे आला, तर त्या एकदम बंद करवू नयेत. बाहेरून मिळणाऱ्या स्टिरॉईडमुळे अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त झालेली असते. आधार अकस्मात काढला की वांत्या, रक्तदाब घसरणे, बेशुद्धी, प्रसंगी मृत्यू ओढवतो. तज्ज्ञाकडे तत्काळ पाठवावे आणि पुडीचा नमुना सोबत द्यावा.

औषधी दुकानदार बंधूंनी विशेष लक्ष द्यावयाच्या काही गोष्टी आहेत. थायरॉक्सिनची गोळी कॅल्शियम वा लोहाबरोबर घेतल्यास तिचे शोषण घटते, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर सांगितले जाते. शंख, प्रवाळ, मुक्ताशुक्ती यांत कॅल्शियम असते, तर मंडूर व लोह भस्मांत लोह. तेव्हा तेच अंतर येथेही पाळावे हे इष्ट. अश्वगंधा घेणाऱ्या काही रुग्णांत थायरॉईडची संप्रेरके वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणून तिचा उल्लेख चिठ्ठीत असावाच. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेने तर रोग नसतानाही तपासणीच चुकते: काही यंत्रांवर टी. एस. एच. खोटे कमी व टी-४ खोटे अधिक दिसते, आणि धडधाकट मनुष्य अतिस्रावाचा रुग्ण ठरतो. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ती गोळी थांबविण्यास गिऱ्हाइकास सांगावे.