मृगयेचें मांस घरीं आणण्याविषयीं जुने निर्बंध

हदगांव तालुक्याच्या उत्तर अंगास पैनगंगा वाहते व पलीकडे उमरखेडचा मुलूख लागतो. त्याच नदीचें नांव धारण करणारें अभयारण्य आज यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. अशा रानाच्या प्रांतांतील पोथ्या चाळणारास मृगयेचा विषय केव्हां ना केव्हां भेटावयाचाच. तेव्हां शिकार कशी झाली इकडे लक्ष जातें. मारलेल्या जनावराचें मांस घरीं कसें आलें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. प्राचीन ग्रंथांवरून पाहतां या मांसाविषयीं तीन काळज्या दिसतात : तें वाटेंत दूषित होऊं नये, कोणत्या जनावराचें तें ओळखूं यावें, आणि तें नासूं नये.

पहिलीचें उदाहरण विकुक्षीचें. विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशांत व भागवताच्या नवव्या स्कंधांत ही कथा आहे. अष्टकाश्राद्धासाठीं मांस आणावयास इक्ष्वाकूनें या पुत्रास रानांत पाठविलें. पुष्कळ मृग मारल्यावर श्रमानें व भुकेनें व्याकुळ होऊन त्यानें एक ससा खाल्ला व उरलेलें मांस पित्यापुढें ठेविलें. प्रोक्षणाच्या वेळीं वसिष्ठांनीं तें दूषित ठरविलें. विकुक्षीचा पित्यानें त्याग केला व त्यास ‘शशाद’ हें नांव पडलें. सशाच्या मांसानें पितर ११ महिने तृप्त होतात असें मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत आहे, हें येथें ध्यानांत ठेवावें. दोष मारण्यांत नव्हता. पितरांच्या आधीं खाण्यांत होता.

दुसरी काळजी कौटिल्याच्या सूनाध्यक्ष प्रकरणांत दिसते. शिर, पाय व हाडें नसलेल्या, दुर्गंधि सुटलेल्या किंवा आपोआप मेलेल्या जनावराचें मांस विकूं नये, विकल्यास १२ पण दंड, असा तेथें नियम आहे. शिर व पाय यांवरूनच जनावराची जात पटते, हा त्यांतील हेतु उघड दिसतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (इ. स. ११२९ च्या सुमारास) डुकराचे केस काढण्याच्या रीती दिल्या आहेत : वर पांढरें वस्त्र घालून कढत पाणी ओतावें, अथवा गवताच्या जाळावर भाजावें. हे संस्कार कातड्यासह देहावरच होणारे. तेव्हां डुकर रानांत न सोलतां आणीत असले पाहिजेत.

तिसरी काळजी नासण्याची. मांसांत पाण्याचा अंश असेपर्यंत जंतु वाढतात. तो उन्हानें काढला म्हणजे वाढ खुंटते. अमरकोशाच्या मनुष्यवर्गांत वाळविलेल्या मांसास ‘वल्लूर’ हा स्वतंत्र शब्द आहे. स्वतंत्र नाम असणें हें तो पदार्थ व्यवहारांत असल्याचें गमक होय.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाप्रमाणें शिकार केलेला वन्य प्राणी व त्याचें मांस ही शासनाची मालमत्ता ठरते. हें योग्यच झालें. परंतु त्यामुळें या शब्दांचा अर्थ अनुभवानें सांगणारीं माणसें दिवसेंदिवस दुर्मिळ होत जाणार, आणि आधार उरेल तो पोथ्यांचाच. यास्तव संग्राहकांस विनंति कीं, श्राद्धग्रंथांची नक्कल करतांना मांसप्रकरण कलिवर्ज्य म्हणून गाळूं नये, आणि कोशांच्या समासांत मराठी टिपण आढळल्यास तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. आज आचारांत नाहीं तें उद्यां अर्थांतूनहि जाऊं नये, इतकेंच सुचवावयाचें आहे.