तीन ओळींचा पॅच

विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्याचं नाव मीडियाविकी. पीएचपीत लिहिलेलं, जीपीएल परवान्याचं. म्हणजे कुणीही उघडावं, वाचावं, बदल सुचवावा. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही त्याच्यावरच उभा आहे. तिथले लेख आपण रोज वाचतो. ते यंत्र आतून कोण दुरुस्त करतं, हे मात्र मला पुण्याच्या कर्वेनगरात पाहायला मिळालं. कमिन्स कॉलेजच्या आसपासच्या गल्ल्यांत अभियांत्रिकीच्या मुलींनी मिळून घेतलेले फ्लॅट चिकार आहेत. त्यातल्या एकात माझी भाची राहते.

ती मीडियाविकीत बदल सुचवायला बसली होती. त्यासाठी आधी सगळं आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहायचं असतं. संपूर्ण इतिहासासकट कोड उतरवायचा तर वीस वर्षांचे बदल सोबत येतात, म्हणून तिने फक्त ताजी प्रत घेतली. मग डॉकर, मग कंपोझर ही साधनं, मग डेटाबेस म्हणून हलकं एसक्यूलाइट. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला, मधे वायफाय गेलं, आणि शेवटी ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट ८०८०’वर एक कोरा, बिनलेखांचा विकी उघडला. तो पाहून फ्लॅटमधल्या सगळ्या खुर्चीमागे गोळा झाल्या. कोडची एक ओळही अजून लिहिलेली नव्हती.

काय दुरुस्त करायचं, त्याची यादी फॅब्रिकेटर नावाच्या जागी असते. नवख्यांसाठी काही कामांवर ‘गुड फर्स्ट टास्क’ असा शिक्का असतो आणि झुंबड तिथेच. गूगल समर ऑफ कोड किंवा आउटरीची अशा नवख्यांच्या उपक्रमांसाठी अर्ज करायचा तर आधी काम दाखवलेलं बरं. आउटरीचीत तर ते लागतंच. त्यामुळे ‘हे काम मला द्या’ असे निरोप एकाखाली एक. देणारं तिथे कुणी बसलेलं नाही. ज्याला जमेल त्याने करून दाखवावं, एवढाच रिवाज. नुसत्या हजेरीसाठी केलेल्या बदलांचा त्रास किती होतो, हे मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्टमध्ये २०२० साली दिसलंच होतं. त्या टी-शर्टच्या आशेने लोकांनी माहितीपत्रकात एखादं विशेषण घुसवून ते ‘योगदान’ म्हणून धाडलं. शेवटी आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांना हवं असेल तेच सहभागी, असं करावं लागलं.

भाचीने निवडलेलं काम अगदीच बिनचमकीचं. मीडियाविकीला जोडलेल्या एका एक्स्टेन्शनमध्ये फॉर्म चुकला की ‘काहीतरी बिघडलं’ एवढंच दिसायचं. काय बिघडलं ते सांगायला हवं होतं.

“मामा, सोपं वाटतंय ना? मग सांग, हे वाक्य येतं कुठून?”

कोडमध्ये ते वाक्य नव्हतंच. पडद्यावरचा मजकूर वेगळ्या जेसन फायलींत ठेवलेला असतो आणि कोडमध्ये फक्त त्याची किल्ली. आधी वाक्यावरून किल्ली, मग किल्लीवरून ती वापरणारी फाइल, मग त्या फाइलला हाक मारणारी दुसरी. संध्याकाळ त्यातच गेली. तिने अर्ध्याहून जास्त वेळ कीबोर्डला हात लावला नाही. कॉलेजात कोड लिहायला शिकवतात. दुसऱ्याचा कोड वाचायला कोण शिकवतं? माझ्या मते या उद्योगाची खरी शिकवणी हीच. बदल अखेर तीन ओळींचा झाला, अधिक इंग्रजीच्या फायलीत एक नवा संदेश.

हा पॅच गेरिट नावाच्या, बदल तपासायच्या जागी चढला आणि काही मिनिटांत जेनकिन्स नावाच्या बॉटने उणे एक गुण दिला. दोष ‘बनाना चेकर’ने पकडला होता. नाव विनोदी असलं तरी शिस्त कडक: इंग्रजी संदेशासोबत ‘क्यूक्यूक्यू’ नावाच्या फायलीत तो कुठे आणि कधी दिसतो याचं टिपण हवंच. जगभरच्या अनुवादकांना पडदा दिसत नसतो, त्यांच्यासाठी ते. उत्साहात तिने मराठी फायलीतही ओळ घातली होती. रात्री उशिरा समीक्षकाचा शेरा आला: ती काढ, अनुवाद ट्रान्सलेटविकीवरून आपोआप येतात. भाषा सौम्य, सवलत शून्य. आणि हे सगळं उघड्यावर, कुणीही वाचावं असं.

तिने दुरुस्ती नव्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नव्या नोंदीत, टाकली. झालं, गेरिटवर दुसराच स्वतंत्र बदल उभा राहिला. तिथे जुनंच कमिट सुधारायचं असतं. तळाचा चेंज-आयडी तोच राहिला की त्याच बदलाची पुढची आवृत्ती मानली जाते. मैत्रीण म्हणाली, “अगं, अमेंड कर, अमेंड!” मग पुन्हा तपासणी, एका रिकाम्या जागेवरून पुन्हा शेरा, आणि मग कित्येक दिवस काहीच नाही. बघणाऱ्यांनाही आपापली कामं असतात. तिने विनयाने एक आठवण टाकली.

समीक्षकाकडून अधिक दोन गुण मिळाले की बदल मुख्य कोडमध्ये जातो. तिथून आठवड्याची ‘ट्रेन’ सुटते: मंगळवारी चाचणीचे विकी, बुधवारी विकिपीडियाखेरीजचे बहुतेक प्रकल्प, गुरुवारी विकिपीडिया. काही बिघडलं तर गाडी मागे घेतात. भाचीचा पॅच गुरुवारी मराठी विकिपीडियावर पोचला, पण संदेश इंग्रजीतच दिसत होता. मराठी मजकूर अजून कुणी भरलाच नव्हता. फ्लॅटमधल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या मुलीने त्याच रात्री ट्रान्सलेटविकीवर खातं उघडलं.