दिशाहीन की निरुद्देश? एका विशेषणाविषयी

इंग्रजीतील ‘एमलेस’ या विशेषणाचा कोशातील अर्थ ‘निरुद्देश’ असा होय. ‘एम’ म्हणजे नेम. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ ‘अजमावणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. काहीच न अजमावता जो चालतो, बोलतो वा जगतो, तो ‘एमलेस’. माणसाला हे विशेषण लावले की त्यात दोष येतो. संध्याकाळच्या फेरफटक्याला लावले तर तो राहत नाही.

मराठीत दोन्हीकडे एकच शब्द चालत नाही. फेरफटका स्वैर असतो, मुलगा उनाड असतो, चळवळ दिशाहीन असते. धरलेली वाट सुटली की माणूस भरकटलेला ठरतो. दुष्काळात पाण्यासाठी होते ती वणवण; तिला हेतू असतो, ठिकाणा नसतो. व्युत्पत्तीने ‘दिङ्मूढ’ सर्वांत जवळचा. पण तो आता थक्क झालेल्या माणसाच्या वाट्याला गेला आहे.

दारासुरमच्या शिल्पांविषयी लिहिताना हा भेद टाळता येत नाही. कुंभकोणमजवळील येथील ऐरावतेश्वर मंदिर दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधले. २००४ साली ते जागतिक वारसा यादीत आले. येथून तंजावरला, भोसले राजांच्या वाड्यातील कलादालनात नेलेल्या शिल्पांत भिक्षेस निघालेला शिव व ऋषिपत्नी आहेत. या भ्रमणाला इंग्रजीत ‘एमलेस’ म्हटले, तर वाक्य बिनबोभाट पुढे सरकते. मराठीत ‘दिशाहीन’ म्हणताच कथा उलटते. ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक छेदल्याचे पाप फेडण्यासाठी शिव हिंडतो. हाताला चिकटलेली कवटी काशीत गळून पडते. वाटेतील मुक्काम ठरलेले नसतील, हेतू मात्र पहिल्या पावलापासून ठरलेला आहे. शिवाय ज्याचे नावच दिगंबर, दिशा हेच ज्याचे वस्त्र, त्याला दिशाहीन कसे म्हणावे? ‘निरुद्देश’ तर त्याहून चुकीचा. ‘स्वैर’ म्हणावे, तर ऋषिपत्नींच्या सान्निध्यात त्याला स्वैराचाराचा वास येतो. दारुवनातील ऋषींचा आक्षेप नेमका तोच होता; तो अनुवादकाने त्यांच्या वतीने मांडण्याचे कारण नाही.

अशा जागी विशेषण गाळावे व ‘अटन’ हे नाम तेवढे ठेवावे. तीर्थाटन आणि देशाटन परिचित असलेल्या वाचकाला भिक्षाटनातील हेतू निराळा सांगावा लागत नाही.