लेकरू मैदानावर निघालं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लातुरात काय आणि नांदेडात काय, लेकराची शिकवणी कुठं लावायची यावर घरात महिनाभर खल चालतो. मैदान कोणतं, हा विषय निघतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत, तेही ‘दिवसभर मोबाईल घेऊन बसतंय, कुठंतरी अडकवा त्याला’ म्हणून. मग सात-आठ वर्षांच्या लेकराचा हात धरून आई किंवा आजोबा क्रीडा संकुलात येतात. प्रशिक्षकाला पहिलाच प्रश्न असतो, “सर, जिल्ह्याला कधी खेळल हे?”

निम्मे गैरसमज या एका प्रश्नातच दडलेले आहेत. लवकर सुरुवात, एकाच विषयावर भर, सतत चाचण्या आणि शेवटी क्रमांक, हा शिकवणीचा हिशेब आपण जसाच्या तसा मैदानावर नेतो. खो-खो असो, कबड्डी असो की क्रिकेट, सांघिक खेळात नुकत्याच आलेल्या लेकराला तो लागू पडत नाही. या वयात प्रगती मोजायची एकच साधी रीत आहे: लेकरू उद्या आपणहून बूट घालून तयार होतंय का?

गैरसमज: पाच-सहा वर्षांचं असताना सुरू केलं नाही, तर गाडी चुकली.

वस्तुस्थिती: शेजारच्या धाराशिवची सारिका काळे वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास खो-खोकडे वळली. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. उलट उदाहरणही आपल्याच भागातलं आहे. बीडच्या सचिन धसच्या हाती बॅट फार लहानपणी आली. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात उपांत्य सामन्यात त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा केल्या. म्हणजे दोन्ही वाटांनी माणसं वर पोचतात. फरक इतकाच की लवकर सुरू करून दहाव्या वर्षी कंटाळून घरी बसलेल्या लेकरांची बातमी कुठं येत नाही.

शालेय क्रीडा स्पर्धांची रचना पाहिली तरी घाई नसल्याचं कळतं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. सात वर्षांच्या लेकराच्या हाती पळणं, वाकणं, झेलणं, फेकणं आणि तोल सांभाळणं शिकायला भरपूर वर्षं आहेत.

गैरसमज: एकच खेळ धरायचा, रोज घासायचा. दहा खेळ खेळणारा कशातच पुढं जात नाही.

वस्तुस्थिती: जिम्नॅस्टिक्ससारखे मोजके खेळ सोडले, तर सांघिक खेळांत लवकर एकाच खेळाला जुंपल्याचा फायदा दिसत नाही, तोटे मात्र दिसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेला सल्ला स्पष्ट आहे: पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाची सक्ती नको, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या. तज्ज्ञ आणखी एक सोपा ठोकताळा सांगतात. आठवड्याचा शिस्तबद्ध सराव लेकराच्या वयाच्या आकड्याहून जास्त तासांचा नसावा. आठ वर्षांच्या मुलाला आठ तासांहून जास्त नाही. गल्लीतली पकडापकडी आणि विटीदांडू यात मोजायची नाही, ती हवी तेवढी होऊ द्या.

आणि निवडायला आपल्याकडे बरंच काही आहे. नांदेडात श्री गुरू गोविंदसिंघजी यांच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, देशभरातले संघ त्यासाठी शहरात येतात. व्हॉलीबॉल, कबड्डी तर खेड्यापाड्यांत रुजलेली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. क्रिकेट जरूर खेळावं, पण ‘इथं दुसरं आहेच काय’ हे म्हणणं खरं नाही.

गैरसमज: मैदानावर गेलं की अभ्यास बुडतो.

वस्तुस्थिती: ‘लातूर पॅटर्न’च्या गावात ही भीती सगळ्यात खोल आहे. अकरावी-बारावीत विद्यार्थ्याचं वेळापत्रक घट्ट होतं हे मान्य. पण तो धाक दुसरी-तिसरीतल्या लेकराला कशाला? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी. शाळेत खेळाचा वेळ वाढवल्याने गुण घसरत नाहीत, असंच याविषयीच्या अभ्यासांतून सातत्याने दिसलं आहे. लक्ष एकाग्र होण्याला मदत होते, ती वेगळीच.

अभ्यास बुडतो तो झोप मोडल्याने. पहाटे पाचला मैदान, दहा ते पाच शाळा, सहाला शिकवणी आणि रात्री अकरापर्यंत मोबाईल, असा दिवस असेल तर दोष मैदानाचा नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. संध्याकाळचा सराव घ्या आणि एखादी शिकवणी कमी करता येते का ते बघा.

गैरसमज: धिप्पाड पोरगंच खेळाडू होतं. आणि व्हॉलीबॉल खेळलं की उंची वाढते.

वस्तुस्थिती: उंची मुख्यतः आनुवंशिकतेवर आणि पोषणावर ठरते. उंच मुलं व्हॉलीबॉलमध्ये निवडली जातात, म्हणून खेळाने उंची वाढल्यासारखी वाटते. बारा वर्षांच्या दोन मुलांत शरीराच्या वाढीचं अंतर दोन-तीन वर्षांचं असू शकतं. जो आज मिसरूड फुटल्यामुळे सगळ्यांना चीत करतो, त्याला सोळाव्या वर्षी बाकीचे गाठतात आणि तोवर त्याने अंगबळाशिवाय दुसरं काही शिकलेलं नसतं. बारीक पोराला मात्र टिकायचं म्हणून चलाखी शिकावी लागते. ती त्याला पुढं उपयोगी पडते.

याच समजातून जन्मतारीख मागं-पुढं करण्याचा मोह होतो. तो टाळाच. क्रिकेटमध्ये १६ वर्षांखालील गटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. बनाव उघड झाला की बंदी लेकरावर येते.

गैरसमज: पोराला मॅचमध्ये घेतलं नाही, म्हणजे काही शिकलंच नाही.

वस्तुस्थिती: सांघिक खेळात चेंडू किंवा पळापळ आपल्याकडे नसताना काय करायचं, हाच मोठा धडा असतो. खो-खोचा एक चौकोन नीट पाहा. जेमतेम ३० सेंटिमीटर बाजूची जागा. त्यात आठ-नऊ वर्षांची पोरगी बसली आहे, हात जमिनीला टेकलेले, एक पाय मागं. शेजारच्या दोघींची तोंडं विरुद्ध बाजूला. पाठीमागून मैत्रीण धावत येते, पोरगीला वाटतं आता उठावं. पण पाठीवर थाप आणि ‘खो’ मिळाल्याशिवाय उठली की फाऊल. उठल्यावर तोंड ज्या बाजूला त्याच बाजूला धावायचं, मधली पाटी ओलांडायची नाही, एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरायचं नाही. पहिले काही आठवडे ती हमखास लवकर उठते. हळूहळू तिच्या लक्षात येतं की पळणारी कुठं वळणार हे बसल्या जागेवरून, तिच्या खांद्याकडे पाहूनही ओळखता येतं. गुणफलकावर हे कुठंच दिसत नाही.

एवढं असूनही एक खरंच आहे: दहा वर्षांखालच्या लेकराला कायम बाहेर बसवणारा प्रशिक्षक चुकतो. या वयात सगळ्यांना आलटून-पालटून आणि वेगवेगळ्या जागांवर खेळवायला हवं. आईवडिलांनी प्रशिक्षकाला विचारायचं तर हे विचारावं, आणि सीमारेषेवरून ओरडत नव्हे, सराव संपल्यावर.

गैरसमज: खेळताना पाणी प्यायलं की पोटात कळ येते. आणि उन्हात तापल्याशिवाय पोरगं तयार होत नाही.

वस्तुस्थिती: मराठवाड्यात हा समज जिवावर बेतू शकतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हाळी शिबिरं नेमकी तेव्हाच असतात. एका दमात तांब्याभर पाणी ढोसलं तर पोट जड होईल; दर १५-२० मिनिटांनी चार घोट घेतल्याने काही होत नाही. लेकरं खेळाच्या नादात तहान विसरतात, म्हणून पाण्याची सुट्टी प्रशिक्षकाने द्यायची. लिंबू, मीठ आणि साखर घातलेलं सरबत पुरेसं आहे.

उन्हाची सवय होते हे खरं, पण ती हळूहळू वेळ वाढवत, दहा-चौदा दिवसांत. पहिल्याच दिवशी दुपारी पळवून होत नाही. सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर हवा. लेकरू बरळू लागलं, अडखळू लागलं, ओकलं किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर खेळ तिथंच थांबवा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना गाठा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

गैरसमज: खेळाडू करायचा तर बदाम आणि प्रोटीनचा डबा हवाच.

वस्तुस्थिती: ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाणे, गूळ, दूध-दही, अंडी, हंगामी फळं आणि पालेभाजी यात वाढत्या लेकराला लागणारी प्रथिनं मिळतात. डाळींच्या बाजारपेठेसाठी देशभर नाव असलेल्या लातूरने प्रथिनं डब्यातून विकत घ्यावीत, हे जरा अतीच. बहुतेक लेकरांना पावडरची गरज नसते. गरज असते ती सरावाआधी तास-दीड तास काहीतरी पोटात असण्याची आणि सरावानंतर वेळेवर जेवण्याची.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही आहे: ‘उपाशीपोटीच खेळाडू घडतो.’ आपण कित्येक वर्षं एकवेळच्या जेवणावर काढल्याचं सारिका काळेने सांगितलं आहे. ती घडली ती पोटाला चिमटा बसत असूनही. भूक हा प्रशिक्षणाचा भाग नव्हे.

गैरसमज: दुखलं तरी खेळायचं, तेव्हाच पोरगं कणखर होतं.

वस्तुस्थिती: पाय भरून येणं वेगळं आणि दुखापत वेगळी. साधारण आठ ते चौदा या वयात टाचेच्या मागं किंवा गुडघ्याच्या वाटीखाली होणारं दुखणं पुष्कळदा वाढत्या हाडाच्या टोकावर आलेल्या ताणाचं असतं. त्याला विश्रांती आणि सराव कमी करणं हाच उपाय. एकाच जागी दुखतंय, लंगडतंय किंवा रात्री झोपमोड होतेय, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. चोळून, ओढून बसवायच्या भानगडीत पडू नका. डोक्याला मार लागून गरगरलं, मळमळलं, आठवेनासं झालं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, सामना अंतिम असला तरी.

गैरसमज: मुलगी वयात आली की मैदान बंद.

वस्तुस्थिती: पाळीच्या दिवसांत खेळल्याने शरीराला अपाय होत नाही, उलट हालचालीने कित्येकींचं पोट दुखणं कमी होतं. फार त्रास होत असेल तर त्या दिवशी सुट्टी घ्यावी, एवढंच. मुलींचं मैदान खरं तर सुटतं ते इतर कारणांनी: स्वच्छतागृह नाही, कपडे बदलायला जागा नाही, अंधार पडल्यावर घरी सोडायला कुणी नाही. ही कारणं दूर करता येतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मुलगी लवकर दमत असेल तर ‘तिला जमत नाही’ म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासा.

गैरसमज: कुठलंही प्रमाणपत्र असलं की गुण आणि नोकरी पक्की.

वस्तुस्थिती: राज्यात दहावी-बारावीला खेळाडूंना स्पर्धेच्या पातळीनुसार वाढीव क्रीडा गुण मिळतात, शासकीय नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षणही आहे. पण खेळ आणि स्पर्धा शासनाच्या निकषांत बसावी लागते, आणि नोकरीसाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. पैसे भरून कुठल्यातरी ‘राष्ट्रीय’ स्पर्धेतून आणलेला कागद तिथं टिकत नाही. बनावट प्रमाणपत्रांचे गुन्हे राज्यात दाखल झालेले आहेत. आठ वर्षांच्या लेकरासाठी तर हा विचारच गैरलागू.

तेव्हा नाव घालण्याआधी एक संध्याकाळ मैदानावर नुसतं उभं राहून पाहा. पाणी प्यायला थांबतात का? तासाभरात किती वेळ रांगेत उभं राहणं आणि किती वेळ खेळणं? चुकलेल्या पोराशी प्रशिक्षक काय बोलतो? मुलींच्या संघासोबत एखादी बाई आहे का? कुणाला लागलं तर प्रथमोपचाराची पेटी कुठं आहे? उत्तरं पटली तर तीन महिन्यांसाठी नाव घाला आणि तोवर जिल्ह्याचा विषय काढू नका. रोज घरी आल्यावर “जिंकलास का?” याऐवजी “आज कोण-कोण होतं, काय खेळलात?” एवढंच विचारा. तीन महिन्यांनी पुढचं लेकरालाच ठरवू द्या. ते नको म्हणालं तर दुसरा खेळ दाखवा, मैदान मात्र सोडू नका.