सावेडीत फ्लॅट घ्यायचाय? आधी धंद्याचं भांडवल वेगळं काढा

देवळाली प्रवरात दुकान जरा चाललं की पुढचं स्वप्न ठरलेलं: अहिल्यानगरच्या सावेडीत फ्लॅट! स्वप्न बघाच, पण बुकिंगसाठी खेळत्या भांडवलाला हात लावू नका. माल भरायलाच पैसा उरला नाही, तर हप्ता कशातून भरणार?

‘आजच पैसे भरा, नाहीतर फ्लॅट जाईल’ या घाईला भुलू नका. रेरा कायद्यानुसार करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे ४० लाखांच्या फ्लॅटला फार तर ४ लाख. महारेरा क्रमांक तपासा, भाव कार्पेट एरियावर विचारा. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, म्हणजे ४० हजार वाचले. तेवढ्यात दुकानात माल भरता येतो!