पुलांच्या वाटेनें बोस्निया



परदेशच्या प्रवासाचा बेत घरांत सुरू झाला म्हणजे पहिल्याप्रथम नकाशा उघडला जातो. प्रेक्षणीय स्थळांची यादी होते, एका गांवापासून दुसऱ्या गांवापर्यंतचें अंतर मोजलें जातें, आणि त्या अंतरावरून दिवस वांटले जातात. सपाट प्रदेशांत हा हिशेब बहुधा जमून जातो. परंतु बाल्कन द्वीपकल्पांतील बोस्निया-हर्जेगोव्हिना या देशांत तो जमत नाहीं. येथें नकाशावरील बोटभर अंतराला अर्धा दिवस लागूं शकतो. आणि जें स्थळ घटकाभरांत पाहून होईल असें वाटतें, तें समजून घ्यावयास दिवसहि अपुरा पडतो. या देशाचा प्रवास कसा आंखावा, याविषयीं आज कांहीं सांगावयाचें आहे. मुख्य मुद्दा एकच आहे: बोस्नियाचा नकाशा नद्यांच्या ओघानें वाचावा, आणि मुक्काम शक्य तेथें पुलाजवळ करावा.

असें कां, तें आधीं भूमीच्या ठेवणीवरून पाहूं. देशाचें क्षेत्रफळ ५१,००० चौरस किलोमीटरांहून किंचित् अधिक आहे, आणि त्याचा बहुतेक भाग दिनारिक पर्वतांनीं व्यापलेला आहे. या पर्वतांतून रस्ते निघाले ते नद्यांनीं कापलेल्या खोऱ्यांतून. ऊना, व्र्बास, बोस्ना आणि द्रीना या नद्या उत्तरेकडे वाहत जाऊन सावा नदीला मिळतात; नेरेत्वा तेवढी दक्षिणेकडे एड्रियाटिक समुद्राला जाते. सारायेवोच्या नैर्ऋत्येस इवान सेद्लो नांवाची खिंड आहे, ती या दोन उतारांमधील सीमा. खिंडीच्या अलीकडे बोस्निया: हिरवीं कुरणें, सूचिपर्णी वृक्षांचीं रानें आणि हिंवाळ्यांत भरपूर बर्फ. पलीकडे हर्जेगोव्हिना: चुनखडीचे पांढरे डोंगर, अंजीर, डाळिंब आणि प्रखर ऊन. एकाच दिवशीं दोन्ही हवा अनुभवास येतात, म्हणून कपडेहि दोन्ही प्रकारचे बरोबर असावेत.

दुसरें कारण इतिहासाचें आहे. १४६३ सालीं हा देश उस्मानी तुर्कांच्या हातीं गेला, १८७८ सालीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यांत आला, १९१८ नंतर युगोस्लाव्हियाचा भाग झाला, आणि १९९२ सालीं स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याबरोबरच युद्ध पेटलें. तें १९९५ च्या डेटन करारानें थांबलें. तुर्की अमदानींत येथील नद्यांवर जे दगडी पूल झाले, त्यांच्या भोंवतीं बाजार, मशिदी आणि वस्ती वाढून गांवें झालीं. पुढें प्रत्येक लढाईंत पुलांवर घाला पडला, आणि प्रत्येक लढाईनंतर लोकांनीं ते पुन्हां बांधले. म्हणून येथील पुलासमोर उभें राहिल्यावर प्रवाशानें दोन प्रश्न विचारावेत: हा केव्हां बांधला? आणि पुन्हां केव्हां बांधला?

आतां प्रत्यक्ष बेताकडे वळूं. दहा रात्रींचा प्रवास धरल्यास सारायेवोस तीन, मोस्तारला तीन, त्रेबिन्ये, त्येन्तिश्ते आणि विशेग्राद येथें एकेक, आणि परतींत पुन्हां सारायेवोस एक, अशी वांटणी सोयीची होते. काळ म्हणाल तर मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत, किंवा सप्टेंबर महिना उत्तम. वसंत ऋतूंत धबधबे भरलेले असतात, पण उंच डोंगरांवर मे महिन्यांतहि बर्फ असूं शकतें. जुलै-ऑगस्टमध्यें मोस्तारची उष्णता चाळीस अंशांपर्यंत, क्वचित् त्याहूनहि वर जाते, आणि अरुंद गल्ल्यांतून माणसांची दाटीहि फार होते.

सारायेवो हें मिल्यात्स्का नांवाच्या लहानशा नदीच्या दोन्ही तीरांवर, डोंगरांच्या कुशींत वसलेलें आहे. पहिला दिवस बाश्चार्शिया या जुन्या बाजारास द्यावा. तांबटांच्या आळींतून फिरत १५३० च्या सुमारास बांधलेल्या गाझी हुस्रेव बेग मशिदीपर्यंत यावें, आणि तसेंच पश्चिमेकडे चालत राहावें. कांहीं पावलांतच बैठीं दुकानें संपून ऑस्ट्रियन काळांतील उंच इमारती सुरू होतात. मशीद, जुनें ऑर्थोडॉक्स चर्च, कॅथलिक कॅथीड्रल आणि यहुदी लोकांचें जुनें प्रार्थनामंदिर हीं सारीं थोड्या मिनिटांच्या पायवाटेवर आहेत. नदीवरील लॅटिन पुलाजवळच २८ जून १९१४ रोजीं ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड याची हत्या झाली, आणि त्यांतून पहिलें महायुद्ध उद्भवलें.

दुसऱ्या दिवशीं नगरगृहाची इमारत, वियेच्नित्सा, पाहावी. १८९६ सालची ही इमारत पुढें राष्ट्रीय ग्रंथालय झाली. १९९२ च्या एप्रिलपासून सारायेवोला बोस्नियन सर्ब सैन्याचा वेढा पडला होता. त्याच वर्षीं २५ ऑगस्टच्या रात्रीं तोफगोळ्यांनीं हें ग्रंथालय पेटलें आणि ग्रंथसंग्रहाचा फार मोठा भाग भस्म झाला. वेढा १९९६ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. इमारत पूर्ववत् होऊन २०१४ सालीं पुन्हां उघडली. रंगीत कांचांचें छत पाहून मन प्रसन्न होतें. परंतु भिंती पुन्हां उभारतां आल्या, जळालेलीं हस्तलिखितें आणतां आलीं नाहींत, ही गोष्ट तेथें उभें असतां विसरूं नये. विमानतळाखालून १९९३ सालीं खणलेला सुमारें ८०० मीटरांचा बोगदा हाच वेढ्यांतील शहराचा बाहेरच्या जगाशीं दुवा होता. त्याचा थोडा भाग आतां संग्रहालय म्हणून राखलेला आहे. तिसऱ्या दिवशीं ट्रामनें इलिजा या उपनगरांत जावें. तेथून जुन्या वृक्षांच्या लांब राजरस्त्यानें इग्मान पर्वताच्या पायथ्याशीं गेलें कीं, ज्या नदीवरून देशाला नांव पडलें त्या बोस्नेचा उगम दिसतो. डोंगराच्या मुळांतून एकदम भरल्या प्रवाहानें पाणी बाहेर पडतें. चुनखडीच्या डोंगरांत पावसाचें पाणी मुरतें, आंतल्या भुयारांतून वाहतें आणि पायथ्याशीं असें प्रकट होतें. ही रचना पुढें सर्वत्र भेटणार असल्यानें येथेंच समजून घ्यावी.

सारायेवोहून मोस्तार सुमारें १३० किलोमीटर आहे. हा प्रवास शक्य तर आगगाडीनें करावा. गाड्या थोड्या असतात, तेव्हां वेळापत्रक आधीं पाहावें. बोगदे आणि वळणें पार करून गाडी इवान सेद्लोच्या पलीकडे उतरते, आणि मग नेरेत्वेचें हिरवें पाणी खिडकीशीं येतें. वाटेंतील कोन्यित्स गांवचा सहा कमानींचा पूल १६८२ सालचा. १९४५ मध्यें माघार घेणाऱ्या जर्मनांनीं तो उडविला, आणि २००९ सालीं जुन्याच आकृतींत तो पुन्हां उभा राहिला.

मोस्तार या नांवांतच पूल आहे. पुलाच्या रखवालदारांवरून तें पडलें. मिमार हैरुद्दीन या वास्तुशिल्प्यानें १५६६ सालीं येथें एकाच कमानीचा पूल पुरा केला. कमानीचा विस्तार सुमारें २९ मीटर. दगड तेनेलिया नांवाचा, स्थानिक खाणींतला; दगडाला दगड लोखंडी आंकड्यांनीं जोडून त्या सांध्यांत वितळलेलें शिसें ओतलेलें. हा पूल ४२७ वर्षें टिकला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजीं बोस्नियन क्रोएट सैन्याच्या तोफांच्या माऱ्यानें तो नदींत कोसळला. युद्धानंतर पाणबुड्यांनीं तळांतून जुने दगड वर काढले, पण बहुतेक पुन्हां बसविण्याजोगे राहिले नव्हते. तेव्हां त्याच जातीचा दगड घेऊन, हातानें घडवून, तसेच आंकडे व तसेंच शिसें वापरून नवा पूल बांधला गेला. २३ जुलै २००४ रोजीं तो खुला झाला, आणि पुढल्या वर्षीं युनेस्कोनें त्यास भोंवतालच्या वस्तीसह जागतिक वारशांत स्थान दिलें.

कोणी म्हणतील, मग हा पूल खरा नव्हे. ही नक्कल झाली. हा आक्षेप ऐकून सोडून देण्यासारखा नाहीं. दगड नवे आहेत, हें खरें. परंतु कला तीच, जागा तीच, आणि त्यावरून रोज इकडून तिकडे जाणारीं माणसें त्याच गांवचीं आहेत. उन्हाळ्यांत पुलावरून वीस मीटरांहून अधिक खोल थंडगार पाण्यांत उडी घेण्याची जुनी चाल तरुणांनीं आजहि चालविली आहे. पूल पाहावयाचा तो भर दुपारीं पाहूं नये. पहांटे, दुकानें उघडण्यापूर्वीं जावें. उभ्या चढाचा गुळगुळीत दगड निसरडा असतो, म्हणून पायांत घट्ट जोडे असावेत.

मोस्तारचे उरलेले दोन दिवस आसमंतास द्यावे. ब्लागाय येथें उंच कड्याखालच्या गुहेंतून बुना नदी जन्म घेते, आणि तिच्या कांठीं दर्वेशांचा जुना मठ आहे. पोचितेल्य हें डोंगरउतारावरचें दगडी खेडें, आणि त्रेबिझात नदीवरचा क्राविका धबधबा, सुमारें २५ मीटर उंचीचा, हीं एका दिवसांत होतात. पुढें त्रेबिन्येकडे जातांना स्तोलात्सजवळ रादिम्ल्या येथें थांबावें. तेथें मध्ययुगीन समाधिशिला आहेत. हात उंचावलेला पुरुष, हरणें, फेर धरून नाचणारीं माणसें त्यांवर कोरलेलीं आहेत. अशा शिलांच्या निवडक स्थळांना २०१६ सालीं युनेस्कोची मान्यता मिळाली.

त्रेबिन्येचा आर्स्लानागिच पूल हा निराळ्या तऱ्हेचा पुनर्जन्म आहे. १५७४ सालचा हा पूल युद्धानें मोडला नाहीं. धरणाच्या पाण्याखालीं जाणार म्हणून १९६६ मध्यें तो दगड दगड सुटा करून, १९७२ पर्यंत खालच्या अंगास पुन्हां जुळविला गेला.

येथून रस्ता उत्तरेकडे चढत सुत्येस्का राष्ट्रीय उद्यानांत जातो. देशांतील सर्वांत उंच शिखर माग्लिच, २,३८६ मीटर, येथेंच आहे. आणि त्याच्या पायथ्याशीं पेरूचित्सा हें युरोपांतील थोड्या उरलेल्या आदिम अरण्यांपैकीं एक. त्यांत वाटाड्याशिवाय शिरूं नये. वरच्या सज्जासारख्या जागेवरून मात्र सारें अरण्य आणि त्यांतील सुमारें ७५ मीटरांचा धबधबा सहज दिसतो. मुक्काम त्येन्तिश्ते येथें, आगाऊ ठरवून करावा. एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. युद्धांत पेरलेले सुरुंग देशाच्या कांहीं भागांत अद्याप जमिनींत आहेत. म्हणून कोठेंहि आंखलेली पायवाट सोडून रानांत किंवा पडक्या घरांत जाऊं नये, आणि कवटीचें चिन्ह असलेला फलक दिसल्यास एक पाऊलहि पुढें टाकूं नये. मुलें बरोबर असल्यास हें त्यांना आधींच समजावून सांगावें.

द्रीनेच्या खोऱ्यांत उतरल्यावर फोचा लागतें. तेथील आलाजा मशीद सोळाव्या शतकाच्या मध्यावरची. ती १९९२ सालीं उद्ध्वस्त केली गेली, आणि सांपडलेले जुने तुकडे बसवून २०१९ सालीं पुन्हां उघडली. पुढें विशेग्राद. वजीर मेहमेद पाशा सोकोलोविच यानें मिमार सिनान या थोर शिल्प्याकडून १५७१ ते १५७७ या काळांत येथें अकरा कमानींचा, जवळ जवळ १८० मीटरांचा पूल बांधविला. याच पुलावरची इव्हो आंद्रिच यांची कादंबरी १९४५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १९६१ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. ती निघण्यापूर्वीं वाचावी. परंतु कादंबरी संपते तेथें पुलाची कथा संपत नाहीं. १९९२ सालीं या पुलावर व नदीकांठीं बोस्नियाक मुसलमान नागरिकांच्या हत्या झाल्या, आणि त्याबद्दल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानें गुन्हेगारांस शिक्षा दिल्या. जवळच जुन्या दगडी शहरासारखें दिसणारें आंद्रिचग्राद आहे; तें २०१४ सालीं उघडलेलें, अगदीं नवें आहे. वर सांगितलेले दोन प्रश्न येथें विशेष उपयोगी पडतात.

आणखी दोन दिवस हातीं असल्यास सारायेवोहून त्राव्निकमार्गें यायत्सेला जावें. बोस्नियाच्या राजांची ही शेवटची राजधानी. येथें गांवाच्या मध्यावरच प्लिवा नदी धबधब्याच्या रूपानें व्र्बासमध्यें उडी घेते, आणि जवळच्या तळ्यांपाशीं लांकडी पाणचक्क्या आहेत.

आतां थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. हिंदुस्थानांतून जाणाऱ्यास इस्तंबूल किंवा व्हिएन्ना येथें विमान बदलणें सोयीचें पडतें. बोस्निया हा युरोपियन युनियनचा सभासद नाहीं. तेव्हां व्हिसाचे नियम वकिलातींत विचारूनच निघावें. त्रेबिन्येहून क्रोएशियांतील दुब्रोव्हनिक जवळ आहे म्हणून तिकडे फेरी मारण्याचा मोह होतो. पण क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन प्रदेशांत आहे, त्यामुळें दोन्हीकडील पुनःप्रवेशाची मुभा आधीं पाहावी. चलन मार्क असून एका युरोस सुमारें १.९६ मार्क हा दर बांधलेला आहे. त्रेबिन्ये, फोचा व विशेग्राद येथें पुष्कळ पाट्या सिरिलिक लिपींत असतात. तीं अक्षरें एका संध्याकाळांत शिकतां येतात. शाकाहारी मंडळींनीं बुरेक मागूं नये, त्यांत मांस असतें. चीजची सिर्निका, पालकाची झेल्यानित्सा आणि बटाट्याची क्रोंपिरूशा मिळते.

शेवटीं एवढेंच. या देशांत युद्ध आठवणारीं माणसें प्रत्येक गांवीं आहेत. त्यांना तुम्ही कोणत्या पक्षाचे, असें विचारूं नये. आणि त्यांनीं आपण होऊन सांगितलें तर घाई न करतां ऐकावें. त्यासाठीं बेतांत प्रत्येक मुक्कामीं एक संध्याकाळ मोकळी ठेवावी. यादींतील एखादें स्थळ त्यामुळें गळलें तरी चालेल. परंतु जे पूल आपण पाहून आलों, ते पुन्हां बांधण्याची लोकांना एवढी निकड कां वाटली, हें त्या मोकळ्या संध्याकाळींच थोडेंबहुत समजतें.